बहिऱ्या पेशींची गोष्ट

लंडनच्या उत्तरेला मिल हिल नावाचे उपनगर आहे. तिथल्या संशोधन संस्थेत १९५७ साली अ‍ॅलिक आयझॅक्स आणि स्वित्झर्लंडहून आलेले जाँ लिंडेनमान यांना इंटरफेरॉन सापडले. विषाणूने गाठलेली पेशी हे प्रथिन बाहेर सोडते आणि शेजारणींना सावध करते. वाड्यात एका बिऱ्हाडाने ‘चोर, चोर’ ओरडावे आणि बाकीच्यांनी दारांना कड्या घालाव्यात, तसेच!

पण ओरडणे ऐकायला कान हवेत. ते कोणत्या जनुकांमुळे मिळतात? १९७३ मध्ये येल विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी माणूस-उंदीर अशा संकरित पेशींवरून दाखवले की त्यासाठी माणसाचे २१वे गुणसूत्र लागते. डाउन सिंड्रोममध्ये ज्याच्या तीन प्रती असतात, तेच हे.

पुढची युक्ती मला फार आवडते. लंडनमध्येच जॉर्ज स्टार्क, इयन कर आणि सान्द्रा पेलेग्रिनी यांनी मानवी पेशींत जिवाणूचे एक जनुक असे बसवले की इंटरफेरॉनची हाक ऐकू आली तरच ते चालू व्हावे. चालू झाले की ठरावीक औषधाचे त्या पेशीत विष होई. मग रसायनाने पेशींच्या जनुकांत बिघाड करून इंटरफेरॉन आणि औषध दोन्ही दिले. ऐकणाऱ्या मेल्या, बहिऱ्या तेवढ्या वाचल्या. १९८९ मध्ये हे प्रसिद्ध झाले.

आता त्या बहिऱ्या पेशींना निरोगी जनुके देऊन कोणत्या जनुकाने ऐकू येते ते पाहायचे. १९९२ मध्ये पहिले उत्तर मिळाले, टिक-२. मग जॅक-१, स्टॅट-१, स्टॅट-२. यांतले ‘जॅक’ म्हणे आधी ‘जस्ट अनदर काइनेज’, म्हणजे ‘आणखी एक काइनेज’ होते. नंतर त्याला दोन तोंडांच्या रोमन देवाचे, जेनसचे, भारदस्त नाव मिळाले.

हा नुसता प्रयोगशाळेतला खेळ नव्हता. गॅमा इंटरफेरॉन हा त्याच कुळातला दुसरा निरोप. १९९६ मध्ये ट्युनिशियातले एक तान्हे बाळ आणि माल्टातल्या एकाच गावची काही मुले यांच्यात तो ऐकणारे जनुकच बिघडलेले आढळले. बाळाला बीसीजी टोचली होती, आपल्याकडे जन्मल्याबरोबर दंडावर टोचतात तीच. इतरांना निरुपद्रवी असलेल्या त्या जंतूनेच ते दगावले. यात आईबापांची हेळसांड नव्हती.

२०२० मध्ये कोविडने गंभीर झालेल्या ६५९ रुग्णांची तपासणी झाली. २३ जणांत इंटरफेरॉन तयार करण्याच्या किंवा ऐकण्याच्या जनुकांत दोष निघाला. त्यांतले चार जण २५ ते ५० वर्षांचे होते, आणि त्याआधी विषाणूने असे जिवावर बेतलेले दुखणे त्यांना कधी आलेच नव्हते.