बीडीपासून ॲपपर्यंत: मालक कोण?

डिजिटल अर्थव्यवस्था वाढवायची तर कायदे लवचिक हवेत, असे सतत ऐकवले जाते. लवचिक असावेतच. पण वाकायचे कोणाच्या बाजूने? भंडारा जिल्ह्याने हा प्रश्न बीडी उद्योगात पाहिला आहे.

आपल्या आज्या-पणज्यांनी तेंदूपानावर बोटे झिजवली. तेव्हा भंडारा मध्यप्रांतात होता. तिथल्या बीडी मजुरांना १९३० च्या दशकात संघटित केले ते ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करणाऱ्या कामठीच्या बाबू हरदासांनी. पण कारखान्याचा कायदा कारखान्यापुरताच होता. मालकांनी कारखान्यांचे तुकडे केले, पाने-तंबाखू ठेकेदारामार्फत घरोघरी दिली आणि जबाबदारीतून अंग काढून घेतले. बिड्या ‘छाट’ ठरल्या की मजुरी कापली जायची. दाद कोणाकडे मागणार?

१९४८ मध्ये प्रांतिक सरकारने कायदा केला, तोही शेतीच्या हंगामात ठरावीक गावांत बिड्या वळण्यावर बंदी घालणारा. मालकाला वेसण नाही, मजुराची चूल मात्र बंद! १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संविधानातील व्यवसायस्वातंत्र्याच्या आधारे तो रद्द ठरवला.

खरा बदल १९६६ च्या बीडी-सिगार कामगार कायद्याने झाला. घरी बिड्या वळणारी बाईही कामगार ठरली आणि ठेकेदारामागचा मुख्य मालक जबाबदार धरला गेला. छाटीचे वाद सरकारी अधिकाऱ्यापुढे नेता येऊ लागले. अंमलबजावणी कायम लंगडी राहिली, पण व्याख्या योग्य होती. कायदा भिंत सोडून श्रमाच्या मागे गेला. खरी लवचिकता ती हीच.

आज त्याच घरांतली पोरे नागपूर-पुण्यात ॲपवर डिलिव्हरी करतात. ठेकेदाराच्या जागी ॲप आले, छाटीच्या जागी रेटिंग आणि ब्लॉक झालेला आयडी. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगार आला खरा, पण पारंपरिक मालक-कामगार नात्याबाहेरचा म्हणून. त्याच्यासाठी कंपनीने उलाढालीच्या १ ते २ टक्के निधीत द्यायचे. किमान वेतनाची हमी मात्र नाही. १९६६ ने जे नाते ओळखले, ते इथे कायद्यानेच नाकारले. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी तो १९६६ चा कायदाही पोटात घेतला.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना कामगाराचे संरक्षण हे राज्याचे कर्तव्य मानून कायदे झाले. म्हणून आपली मागणी एकच असावी: काम कोण देतो, दर कोण ठरवतो आणि काम कोण बंद करतो, तोच मालक. मग तो भिंतीआड असो वा मोबाईलच्या पडद्याआड.

जय भीम!