पेव, कणगी आणि गोळी



रब्बीची ज्वारी घरात आली की फोन सुरू होतात. "दादा, पोत्याला किती गोळ्या टाकू?" गोळी म्हणजे अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड, जिला आपण नुसतं धान्याची गोळी म्हणतो. उत्तर द्यायच्या आधी जरा मागं जाऊ. ही गोळी आपल्या झोपायच्या खोलीत आली कशी, हे कळल्याशिवाय उत्तर पटायचं नाही.

पूर्वी ज्वारी पेवात असायची. घट्ट मातीत खोल खड्डा, आतून कडबा-पाचटाचा थर, वर दगडी फरशी आणि तिच्या सांध्यात मातीचा लेप. तोंड लिंपलं की आतलं धान्य, टोके, भुंगेरे सगळेच त्याच कोंडलेल्या हवेवर श्वास घेणार. हळूहळू ऑक्सिजन संपतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि कीड मरते. कसलंही औषध नाही. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, आधी कंदील सोडून बघायचा, तो विझला तर थांबायचं, हे गावात पोराटोरांनाही ठाऊक होतं. घाई करून उतरलेली माणसं पेवात गुदमरून मेलेली आहेत. म्हणजे जी हवा किड्याला मारते ती माणसालाही मारते, हा धडा फार जुना आहे.

पेवाचं उगाच कौतुकही नको. कडेचं धान्य काळं पडायचं, त्याला कुबट वास यायचा. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं अगदी अलीकडंपर्यंत चालू होती, 2005 च्या महापुरानं त्यातली बरीच बाद केली. इतर ठिकाणी कॅनॉलचं पाणी आलं, ऊस आला, जमिनीतली ओल वाढली आणि पेवं आपसूक बुजली.

घरात कणगी होतीच. तुरकाठ्यांची नाहीतर निरगुडीच्या फोकांची विणलेली, शेणामातीनं लिंपलेली. ज्वारीत राख, कडुलिंबाचा वाळलेला पाला, मधेमधे बिब्बे. डाळींना एरंडेलाचा हात. त्याआधी वैशाखाच्या उन्हात दाणा इतका तापवायचा की दाताखाली कट्ट वाजला पाहिजे. माझ्या मते खरं औषध ते ऊनच होतं, पाला नंतरचा. सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि तोंड बुजवून टाकते. अळी दाण्याच्या पोटातच वाढते. तिथं पाला काय करणार? पण दाणा खडखडीत वाळलेला असला की तिला वाढणं जड जातं.

मग पोती आली. तागाच्या पोत्यातून हवाही जाते आणि किडाही जातो. शिवाय संकरित ज्वारी आली (सीएसएच-1 हे पहिलं वाण 1964 चं). ती खरिपात भर पावसात काढणीला यायची, दाणा ओला आणि मऊ. हवाबंद पेव गेलं, वाळलेला दाणा गेला, कीड वाढली, आणि हातात आली पावडर.

बीएचसीची पावडर शेतात धुरळायची आणि उरलेली पोत्यावर. कित्येक घरांत तर ती धान्यातच मिसळली. ती चरबीत साठते, दुधात उतरते. सरकारनं 1997 मध्ये तिच्यावर बंदी घातली. अन्न आणि विष शेजारी ठेवलं की काय होतं ते देशानं त्याच्या कितीतरी आधी, 1958 मध्ये केरळात पाहिलं होतं. जहाजात धान्याजवळ ठेवलेलं पॅराथिऑन सांडलं आणि शंभरावर माणसं गेली. 1968 चा कीटकनाशक कायदा त्यातूनच पुढं आला.

पावडर दाण्याच्या आत पोचत नव्हती, म्हणून वायू आला. आधी ईडीबीच्या काचेच्या कुप्या, त्यांच्यावर 2001 मध्ये बंदी आली. आणि मग गोळी. हवेतली ओल लागली की तिच्यातून फॉस्फिन सुटतो आणि तो दाण्यातल्या अळीपर्यंत जातो. काम चोख करतो, यात वाद नाही. अट एकच, जागा पेवासारखी बंद पाहिजे. गोदामात त्यासाठी थप्पीवर जाड ताडपत्री टाकतात, कडेनं वाळूच्या पिशव्या दाबतात आणि तिथं कुणी झोपत नाही.

आपण मात्र तीच गोळी उघड्या पोत्यात टाकतो आणि पोतं खाटेला लागून ठेवतो. हिशोब करा. 3 ग्रॅमच्या एका गोळीतून 1 ग्रॅम फॉस्फिन निघतो, म्हणजे साधारण पाऊण लिटर वायू. दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली बंद असली तर एका गोळीनं हवेत 25 पीपीएमच्या आसपास फॉस्फिन होतो, दोन गोळ्यांनी 50. जिवाला तात्काळ धोका मानतात ती पातळी 50 च आहे. आणि लोक पाच पोत्यांना दहा गोळ्या टाकतात! शहरात तर ढेकणांसाठीही हीच गोळी वापरलेली ऐकतो. भिंतीच्या फटीतून, पत्र्याखालून वायू शेजारच्या खोलीतही जातो.

कायद्यानं ही गोळी सरकारी यंत्रणा आणि परवानाधारक कीडनियंत्रकांनाच विकायची आहे. 10 आणि 20 गोळ्यांच्या नळ्या 2001 पासून बंद आहेत. तरी दुकानात कागदाच्या पुडीत सुट्या मिळतात, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

तर उत्तर: राहत्या घरात एकही नाही. त्याऐवजी पेवच परत आणा. अमेरिकेतल्या परड्यू विद्यापीठानं 1980 च्या दशकाच्या शेवटी कॅमेरूनमधल्या चवळीसाठी तीन थरांची हवाबंद पिशवी काढली, तिचं तत्त्व आपल्या पेवाचंच. तशा पिशव्या आता आपल्याकडंही मिळतात. नाहीतर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा ड्रम चालतो. धान्य कडक वाळवा, ड्रम गळ्यापर्यंत भरा (अर्धा रिकामा ठेवला तर आतली हवाच किडीला पुरते) आणि महिना-दोन महिने उघडू नका. रोजचं लागणारं वेगळ्या डब्यात काढून ठेवा. पिशवी उंदीर कुरतडतात, तिथं ड्रमच बरा.

आणि कुठं आधीच गोळ्या टाकलेल्या असतील, घरात लसणासारखा किंवा कार्बाइडसारखा वास येत असेल, किंवा वास नसतानाही उलट्या, छातीत कोंडल्यासारखं, घाबरल्यासारखं होत असेल, तर लहान पोरांना उचलून आधी सगळे बाहेर पडा. पोती काढायला परत आत जाऊ नका. दवाखान्यात गेल्या गेल्या धान्यात गोळी होती हे सांगा. न सांगितल्यास अन्नातून विषबाधा समजून उपचार होतात. या वायूवर उतारा नाही, वेळेवर दिलेला आधारच काय तो.