मांगूर माशातला जंत : 'नवी जात' ठरते तरी कशी?

देशी मांगूर साफ करताना आतड्यात पांढरा, चपटा जंत बऱ्याच जणांनी पाहिला असेल. (बंदी असलेला थाई मांगूर वेगळा.) नागपूरचे प्राणिशास्त्रज्ञ मोघे यांनी १९२५ मध्ये असाच एक जंत नवी जात म्हणून जगापुढं मांडला. नंतर तो दुसऱ्या वंशात गेला. आज नाव लिहितात लायटोसेस्टस इंडिकस (मोघे, १९२५). कंसाचा अर्थ एवढाच, की जात मोघेंनी सांगितलेली, वंश मागाहून बदलला.

नुसता जंत सापडून भागत नाही. मासा ताजा असतानाच तो काढून औषधात टिकवायचा, रंग देऊन काचपट्टीवर बसवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली अंडाशय नि वृषण बघून चित्र काढायचं, जुन्या जातींशी ताडायचं. मूळ नमुना संग्रहालयात ठेवायचा. २००० पासून नाव देताना असा नमुना ठरवणं बंधनकारकच आहे. समुद्रातल्या पाकट माशाच्या जंतालाही हाच नियम.

घोळ झाला तो इथंच. शिळ्या माशातला आकसलेला, कुजका जंत बघूनही नावं पडत गेली. मांगूरच्या अशा जंतांची पन्नासहून जास्त नावं झाली होती. २०११ मध्ये परदेशी नि भारतीय संशोधकांनी फेरतपासणी केली, तेव्हा बोटावर मोजण्याइतकीच उरली. मोघेंची जात त्यात टिकली.