संत गोन्सालो गार्सिया: व्यापारी ते साधा बंधू

वसई तालुक्यात १६व्या शतकात गोन्सालो गार्सिया जन्मले. वडील पोर्तुगीज, आई वसईची. जेज्वितांकडे शिकून ते जपानला गेले. तेथे व्यापारात जम बसला. तो सोडून मनिलात त्यांनी फ्रान्सिस्कन संघात प्रवेश घेतला, तोही धर्मगुरू म्हणून नव्हे, साधा बंधू म्हणून. त्यांची थोरवी या निवडीतच आहे. पित्याच्या इच्छेपुढे मान तुकवणारी, गेथशेमाने बागेतील येशूची प्रार्थना त्यांनी जगून दाखवली. १५९३ मध्ये ते दुभाषी होऊन जपानला परतले. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकुमाने अटक झाली, कान कापला गेला, भर थंडीत नागासाकीपर्यंत नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी त्यांच्यासह २६ जणांना क्रुसांवर चढवून भाल्यांनी भोसकले. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले.