भाड्याच्या घरात बाळाची वाढती खोली

शारजातील अल नहदा, अल ताआवून किंवा मुवैलेह भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबासाठी 'बाळाची खोली' म्हणजे पुष्कळदा एक कोपराच असतो. एका शयनगृहाच्या सदनिकेत तो पालकांच्या पलंगालगत असतो. दोन शयनगृहांच्या घरात खोली स्वतंत्र असली, तरी बाळंतपणासाठी आलेली आजी काही महिने तिथेच झोपणार असते. भिंती घरमालकाच्या, वास्तव्य व्हिसावर अवलंबून आणि बाळ मात्र दर सहा महिन्यांनी नवे. शारजाच्या २०२४ च्या भाडेकायद्यानुसार करार सुरू झाल्यापासून तीन वर्षे भाडेकरूच्या संमतीवाचून भाडे वाढवता येत नाही. ही मुदत संपते तेव्हा मूल बालवाडीच्या उंबरठ्यावर असते आणि घर बदलण्याची चर्चाही नेमकी तेव्हाच सुरू होते. त्यामुळे भिंतींवरील रंगीत चित्रांपेक्षा सोबत नेता येईल अशा सामानावर खर्च करणे शहाणपणाचे ठरते.

त्या सामानात पहिला क्रमांक झोपण्याच्या जागेचा. बाजारात ६० × १२० सेंटिमीटर मापाचे पाळणे सर्रास मिळतात. परंतु ७० × १४० सेंटिमीटरचा, कठडे काढून छोटा पलंग करता येणारा पाळणा घेतला, तर तो मूल शाळेत जाऊ लागेपर्यंत पुरतो. बाळ बसू लागले की तळ खालच्या पातळीवर आणावा. त्याची उंची सुमारे ९० सेंटिमीटर झाली किंवा ते कठड्यावर चढू पाहू लागले, की कठडे काढण्याची वेळ आली असे समजावे. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीच्या २०२२ च्या मार्गदर्शनानुसार बाळाने निदान पहिले सहा महिने पालकांच्याच खोलीत, पण स्वतंत्र, सपाट व घट्ट गादीवर, उताणे झोपावे. गादीवर उशी, दुलई वा मऊ खेळणी नसावीत. म्हणजे लहान घराची जी अडचण वाटते, तीच सुरुवातीला वैद्यकीय सल्ल्याशी जुळते. साडीची झोळी बारशाच्या दिवशी हौसेने बांधावी. रात्रीच्या झोपेसाठी मात्र सपाट गादीच हवी. परिचितांकडून जुना पाळणा घेताना त्याची एक बाजू वरखाली सरकणारी नाही ना, हे पाहावे. अशा पाळण्यांची विक्री अमेरिकेने २०११ मध्ये बंद केली, कारण सैल झालेल्या बाजूत मुले अडकून दगावली होती.

शारजात सर्वांत गंभीर धोका खिडकीचा आहे. उंच इमारतींतून मुले पडल्याच्या बातम्या या शहराला नव्या नाहीत आणि त्यांत बहुतेकदा खिडकीखाली ठेवलेली खुर्ची, पलंग किंवा खेळण्यांची पेटी असते. खिडकी १० सेंटिमीटरपेक्षा अधिक उघडणार नाही असा अडसर बसवावा आणि चढता येईल असे कोणतेही सामान तिच्यापासून दूर ठेवावे. खोली लहान असली की पलंग खिडकीलाच टेकतो, ही खरी अडचण. अशा वेळी कपाट बाहेरच्या खोलीत गेले तरी चालेल. पडद्याच्या लोंबत्या दोऱ्याही नकोत.

दुसरा धोका कपाटाचा. खण बाहेर ओढून त्यांवर पायऱ्यांसारखे चढणारे मूल कपाटासह कोसळते. २०१६ मध्ये आयकिया कंपनीने अमेरिकेत सुमारे २ कोटी ९० लाख खणांची कपाटे परत मागवली, ती याच कारणासाठी. कपाट भिंतीला पट्टीने जखडणे हाच उपाय. आणि इथे भाडेकरू कचरतो, कारण भोक पाडले तर अनामत रक्कम कापली जाईल ही भीती. घरमालकाची परवानगी आधीच लेखी घ्यावी. घर सोडताना भोक बुजवून रंग लावण्याचा खर्च फारसा नसतो.

विजेच्या बाबतीत एक गैरसमज दूर व्हावा. अमिरातीत ब्रिटिश पद्धतीची तीन चौकोनी भोकांची सॉकेट असतात आणि त्यांत आतूनच झडप असते. बाहेरून प्लास्टिकची झाकणे खुपसल्याने ती झडप उघडी राहू शकते. म्हणून ब्रिटनच्या आरोग्य खात्याने २०१६ मध्ये आपल्या संस्थांना ही झाकणे न वापरण्याची सूचना केली होती. खरी काळजी भारतातून आणलेल्या अडॅप्टरची व जमिनीवर पडलेल्या एक्स्टेंशन बोर्डाची घ्यावी.

मुलाबरोबर वाढणाऱ्या फर्निचरचे बहुधा सर्वांत प्रसिद्ध उदाहरण नॉर्वेचे. पेटर ओप्स्विक यांनी १९७२ मध्ये 'ट्रिप ट्रॅप' ही खुर्ची घडवली. तिची बैठक आणि पाय ठेवण्याची फळी वरखाली सरकवता येते. लहानग्यापासून मोठ्यापर्यंत तीच खुर्ची घरच्या जेवणाच्या टेबलाशी चालते. महाग आहे, मात्र ते तत्त्व साध्या, उंची बदलता येणाऱ्या टेबललाही लागू पडते.

मराठी वाचकाला हा विचार परका वाटू नये. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये मुलांच्या मापाच्या खुर्च्या आणि हाताशी येणारी फडताळे मांडली. ती दृष्टी ताराबाई मोडक यांनी महाराष्ट्रात आणली. १९४५ मध्ये बोर्डीत आणि पुढे कोसबाडला अनुताई वाघ यांच्यासह काम करताना त्यांनी परदेशी महागड्या साधनांऐवजी शंख, शिंपले, बिया, खडे अशा परिसरातल्या वस्तू वापरल्या. तीन वर्षांच्या मुलाला आपले पुस्तक आपण काढता व ठेवता यावे, एवढ्यासाठी ४० सेंटिमीटर उंचीचे, मुखपृष्ठे दिसतील असे फडताळ पुरते. (तीन वर्षांखालील मुलाच्या हाती बिया-खडे देऊ नयेत, ते घशात अडकतात.) ते फडताळ भरायला शारजासारखे शहर नाही. २०१९ मध्ये युनेस्कोने याच शहराला जागतिक ग्रंथराजधानीचा मान दिला आणि मुलांचा वाचन महोत्सव येथे दरवर्षी भरतो. मराठी पुस्तके मात्र सुटीत पुण्या-मुंबईहून आणावी लागतात; सामानाच्या वजनात त्यांचे तीन-चार किलो आधीच राखून ठेवावेत. घरात मराठी अक्षरे दिसण्याची जागा बहुधा तेवढीच असते.

आजीसाठी स्वतंत्र पलंग घेण्यापेक्षा रात्री उलगडणारा सोफा घ्यावा. पुढे तीच मुलाची वाचनाची जागा होते आणि पाहुणे आले की पुन्हा पलंग. दुमजली पलंगाचा मोह मात्र आवरावा. वरच्या मजल्यावर सहा वर्षांखालील मुलाला झोपवू नये. वातानुकूलन यंत्राचा झोत थेट गादीवर येत नाही ना, हे सामान लावण्यापूर्वीच पाहावे, कारण नंतर हलवायला जागा उरत नाही.

भुशाच्या दाबलेल्या फळ्यांचे फर्निचर स्वस्त असते, पण दोनदा उघडून जोडले की त्याचे स्क्रू धरत नाहीत. शारजातून दुबईला, तिथून कदाचित मस्कतला आणि शेवटी पुण्याला जाण्याची शक्यता असलेल्या घराने निदान पाळणा-पलंग तरी भरीव लाकडाचा घ्यावा. उंचीच्या खुणाही भिंतीऐवजी एका सुट्या लाकडी पट्टीवर कराव्यात. कार्गोत सामान भरताना बोल्ट आणि षटकोनी चावी पिशवीत घालून पलंगाच्याच फळीला चिकटवावीत.