पहाटेचा घाम, कलत्या दिवसाची कुस्ती

आमच्याकडं पैलवानाचा दिवस कोंबडं आरवायच्या आधी सुरू व्हायचा. तालमीत जोर-बैठका, मग हौद्यातल्या लाल मातीत लढत. उजाडलं की पोरं धारा काढायला, नाहीतर शेताकडं.

मैदान मात्र पहाटे भरत नसे. शाहू महाराजांनी १९१२ साली कोल्हापुरात उभारलेलं खासबाग असो की गावची जत्रा, कुस्त्या दुपार कलल्यावरच. आधी रेवड्यांवरची पोरं, मोठ्या इनामाची जोड शेवटी. ऊन उतरावं, माणसं जेवूनखाऊन यावीत आणि अंधाराआधी निकाल लागावा, एवढाच हिशोब.

तो शरीरालाही मानवला. अंगातली उष्णता पहाटे सगळ्यात कमी असते, दुपार कलल्यावर चढत जाते. स्नायूंची ताकदही तिच्यामागोमाग चढते. अंग जड असताना पैलवान राबायचा, साथ देतं तेव्हा लढायचा.

आता मॅटवरच्या स्पर्धा सकाळीच सुरू होतात. रोज ज्या वेळी मेहनत, त्या वेळेला अंग सरावतं. म्हणजे पहाटेची तालीम इथंही कामी येते. म्हणून ती मोडू देऊ नये. नाहीतर सकाळच्या कुस्तीत अंग तापायच्या आतच पाठ टेकायची.