क्रॉमवेलची ढाल

मोठ्या पदास चढलेल्या पुरुषास एखादा थोर पूर्वज हटकून सांपडतो, हा अनुभव सर्व देशांतला आहे. ट्यूडर राजवटींत विद्येच्या व कर्तबगारीच्या बळावर पुष्कळ सामान्य माणसें वर आलीं, आणि कुळाची उणीव भरून काढण्याचा मोह त्यांपैकीं अनेकांस झाला. एलिझाबेथ राणीचा प्रधान विल्यम सेसिल आपल्या वंशाचा माग वेल्समधील जुन्या घराण्यांपर्यंत नेण्यांत रमत असे. आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याची ढाल मात्र आम्हांस निराळी हकीकत सांगते.

क्रॉमवेलचा जन्म सुमारें १४८५ सालीं लंडननजीक पट्नी येथें झाला. बाप वॉल्टर लोहारकाम करी व बिअर गाळी. मुलास पुढें आणिलें तें कार्डिनल वुल्झीनें; तोही इप्स्विचच्या एका खाटकाचाच मुलगा! १५२९ सालीं राजाची मर्जी फिरली व वुल्झी पडला. त्या वेळीं क्रॉमवेलनें पार्लमेंटांत धन्याची बाजू राखली, असें वुल्झीचा चरित्रकार कॅव्हेंडिश सांगतो.

पुढें क्रॉमवेलनें कुलचिन्ह घेतलें. निळ्या ढालीवर तीन सोनेरी सिंह, मध्यें सोनेरी आडवा पट्टा, पट्ट्यावर तांबडा गुलाब व त्याच्या दोहों बाजूंस कावळ्याच्या जातीचे, तांबड्या चोंचीचे दोन पक्षी. हा गुलाब व हे पक्षी वुल्झीच्या ढालीच्या शिरोभागीं जसेच्या तसे आहेत. ज्याचें नांव घेणें दरबारांत धोक्याचें, त्याची खूण या लोहारपुत्रानें उघडपणें मिरविली.

या पक्ष्यांचा संबंध परंपरेनें संत टॉमस बेकेटशीं जोडला जातो. वुल्झीनें आपल्या या नामबंधूवरूनच ते घेतले असावेत. आणि १५३८ सालीं कँटरबरी येथील बेकेटची समाधि उद्ध्वस्त झाली, तेव्हां धर्मकारभाराचीं सूत्रें क्रॉमवेलच्याच हातीं होतीं! धन्याचें ऋण स्मरणारा हा पुरुष श्रद्धावंतांच्या भावनांविषयीं इतका कठोर कसा, हें कोडें आम्हांस सुटलेलें नाहीं.

एप्रिल १५४० मध्यें तो अर्ल ऑफ एसेक्स झाला आणि २८ जुलै रोजीं त्याचा शिरच्छेद झाला. मामाचें आडनांव घेतलेला त्याचा भाचा रिचर्ड हाच ऑलिव्हर क्रॉमवेलचा पणजोबा. वुल्झीचे ते पक्षी ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजाच्या चिन्हावर अद्यापि आहेत. वंशावळींचे पुष्कळ कागद आम्ही चाळले. परंतु उपकारकर्त्याची अशी नोंद त्यांत क्वचितच आढळली.